मुळातील वाहिन्या आणि पाण्याचा ताळेबंद

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय शेतीवर बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला निमंत्रण दिले, की तो किमान आधारभूत किंमत, पीक कर्ज, सिंचनाचे प्रमाण किंवा सकल मूल्यवर्धनातील शेतीचा वाटा यांविषयी बोलेल अशी आपली अपेक्षा असते. आज मी या सर्व विषयांच्या तळाशी असलेल्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तृणधान्यांच्या मुळांत पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊती कशा घडतात, हा तो विषय होय.

आपल्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञान आणि भारतीय अर्थव्यवस्था हे दोन वेगळे विभाग आहेत. जलवाहिनी आणि रसवाहिनी यांची नावे आपण एका विभागात पाठ करतो आणि दुष्काळ, उत्पादकता, पीक विमा यांचा अभ्यास दुसऱ्या विभागात करतो. परंतु शेतकऱ्याच्या शेतात हे विभाग वेगळे नसतात. दोन शेतांत पेरणीच्या वेळी जमिनीत सारखीच ओल असते. तरीही एका शेतातील कणसे टपोऱ्या दाण्यांनी भरतात आणि दुसऱ्या शेतात दाणे पोचट राहतात, असे का घडते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग मुळाच्या मध्यभागी असलेल्या, केसाहूनही बारीक नळीत दडलेला आहे. पाण्याचा साठा किती आहे, याइतकेच तो कोणत्या वेगाने आणि केव्हा खर्च होतो, हे महत्त्वाचे असते आणि हा वेग ठरविण्यात मुळातील वाहिन्यांच्या घडणीचा मोठा वाटा असतो, हे आजच्या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

तृणधान्याच्या मुळाची रचना

गहू, भात, ज्वारी, मका ही सर्व पिके एकबीजपत्री वनस्पतींच्या गवत कुळातील आहेत. त्यांना हरभरा किंवा तुरीसारखे ठळक सोटमूळ नसते. त्यांच्या मुळांचा जुडगा असतो. या जुडग्यात दोन प्रकारची मुळे असतात. बी रुजताना थेट बियातील भ्रूणापासून निघतात ती बीजमुळे. गव्हात ती साधारणतः ३ ते ६ असतात, तर भातात आणि ज्वारीत एकच असते. त्यानंतर रोपाच्या खोडाच्या जमिनीलगतच्या पेऱ्यांपासून फुटतात ती पेरमुळे. बीजमुळे संख्येने थोडी असली तरी ती लवकर निघतात व खोल जातात. पेरमुळे पुष्कळ असतात. मात्र ती रुजण्यासाठी जमिनीचा वरचा थर ओला असावा लागतो. हा भेद पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बाहेरून आत अनुक्रमे बाह्यत्वचा, मध्यत्वचा, अंतस्त्वचा आणि मध्यभागी रंभ असे थर दिसतात. रंभात प्रकाष्ठ म्हणजे झायलेम आणि परिकाष्ठ म्हणजे फ्लोएम यांचे गट आळीपाळीने वर्तुळाकार मांडलेले असतात. प्रकाष्ठ पाणी व त्यात विरघळलेले क्षार वर नेते, तर परिकाष्ठ पानांत तयार झालेली साखर मुळांच्या टोकांपर्यंत आणते. हरभऱ्यासारख्या द्विबीजपत्री वनस्पतीच्या मुळात प्रकाष्ठाचे गट मोजके असतात. तृणधान्यांत ते अनेक असतात. या गटांच्या आतील बाजूस रुंद जलवाहिन्या असतात. मका आणि भाताच्या मुळांत त्या अनेक असतात. गव्हाच्या बारीक बीजमुळात मात्र बहुधा एकच मोठी जलवाहिनी अगदी मध्यभागी असते.

अंतस्त्वचेचे कार्य जकात नाक्यासारखे आहे. तिच्या पेशींच्या भित्तिकांभोवती पाण्याला अभेद्य अशी पट्टी असते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कास्पारी यांच्या नावाने ती ओळखली जाते. या पट्टीमुळे पाणी व क्षार पेशींमधील फटींतून परस्पर रंभात शिरू शकत नाहीत. त्यांना पेशीच्या पटलातून, म्हणजे तपासणी होऊनच, आत जावे लागते.

घडणीचा क्रम

मुळाचे टोक ही सतत पुढे सरकणारी कार्यशाळा आहे. टोकाला मूलटोपी असते आणि तिच्या लगेच मागे विभाजी ऊती असते. तेथे नव्या पेशी निर्माण होतात, त्यामागील पट्ट्यात त्या लांब होतात आणि त्याच्याही मागे आपापले विशेष कार्य स्वीकारतात. त्यामुळे मुळाच्या लांबीवर टोकाकडून मागे जाणे म्हणजे पेशीच्या आयुष्यात काळाने पुढे जाणे होय.

या प्रवासात सर्वप्रथम पक्व होते ते आदिपरिकाष्ठ, म्हणजे पहिली अन्नवाहिनी. हे स्वाभाविक आहे. कारण टोकाशी चाललेल्या पेशीविभाजनाला साखरेचा पुरवठा हवा असतो आणि त्या भागाभोवती पाणी सहसा उपलब्ध असते. त्यानंतर रंभाच्या परिघावर आदिप्रकाष्ठाच्या अरुंद नलिका तयार होतात. मूळ अजून लांबत असल्यामुळे त्यांच्या भित्तिकांवर कडी किंवा मळसूत्राच्या आकाराचे जाड थर बसतात, जेणेकरून नळी ताणली तरी चेपत नाही. वाढ थांबलेल्या भागात मग अनुप्रकाष्ठाच्या रुंद नळ्या पक्व होतात. त्यांच्या भित्तिका जवळजवळ सलग जाड होतात आणि केवळ खळग्यांच्या जागी पातळ राहतात.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. मध्यभागी असलेल्या या सर्वांत मोठ्या नळ्यांच्या पेशी टोकाजवळच, आकाराने मोठ्या म्हणून ओळखू येतात. त्यांची निवड लवकर होते, परंतु त्या खुल्या होतात सर्वांत शेवटी. मक्याच्या मुळात टोकापासून २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही मागे जाईपर्यंत या पेशी जिवंत आणि बंद असल्याचे १९८० च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे मुळाच्या तरुण भागात पाणी शोषले जात असले, तरी त्याच्या वाहतुकीसाठी तेथे अरुंद वाट असते. हमरस्ता बराच मागे सुरू होतो.

कोणत्या पेशीने जलवाहिनी व्हायचे हे कसे ठरते? याविषयीचे बरेचसे ज्ञान मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीवरून मिळाले आहे. पेशीतून पेशीकडे ठरावीक दिशेने वाहणारे ऑक्झिन हे संप्रेरक रंभातील पेशींना स्थानाची जाणीव करून देते. ‘शॉर्ट-रूट’ नावाच्या जनुकाचे प्रथिन रंभात तयार होते आणि शेजारच्या थरात जाऊन तेथे अंतस्त्वचा घडविते, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दोन नियामक जनुके शोधली. त्यांपैकी एक आदिप्रकाष्ठाच्या आणि दुसरे अनुप्रकाष्ठाच्या घडणीचा कळीचा खटका आहे. या जनुकांशी नाते सांगणारी जनुके तृणधान्यांतही आहेत. भाताच्या जनुकसंचाचे वाचन २००५ मध्ये आणि गव्हाचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रकल्पांत भारतीय संस्थांचा सहभाग होता. तथापि, अॅराबिडॉप्सिसच्या मुळात प्रकाष्ठाचे केवळ दोन ध्रुव असतात, तर तृणधान्यांत अनेक. त्यामुळे एका वनस्पतीचे नियम दुसरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मृत जलवाहिनी, जिवंत अन्नवाहिनी

जलवाहिनीची पेशी आपल्या भित्तिकेवर लिग्निनचा कठीण थर चढविते, शेजारच्या पेशीलगतची आडवी भिंत विरघळवून टाकते आणि अखेर स्वतःचा अंतर्भाग नष्ट करते. तिचा मृत्यू हाच तिच्या घडणीचा शेवटचा टप्पा असतो. उरते ती पोकळ नळी. पानांतून पाण्याचे बाष्प बाहेर पडू लागले, की या नळीतील पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो. ही उपपत्ती १८९४ मध्ये डिक्सन आणि जोली यांनी मांडली. या ओढीला वनस्पतीची स्वतःची ऊर्जा जवळजवळ खर्च होत नाही; ती सूर्याची असते.

अन्नवाहिनीचे तसे नाही. तिच्या चाळणी नलिकेतील पेशी केंद्रक गमावतात, पण जिवंत राहतात आणि शेजारच्या सहपेशी त्यांचा कारभार पाहतात. साखर भरलेल्या पानाकडील टोकाला दाब अधिक आणि साखर वापरणाऱ्या मुळाकडील टोकाला दाब कमी, या फरकावर अन्नरस वाहतो. हा विचार जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युन्श यांनी १९३० मध्ये सविस्तर मांडला. या दोन वाहिन्या परस्परावलंबी आहेत. अन्नरसाशिवाय मूळ खोल जात नाही आणि खोल मुळाशिवाय पानाला पाणी मिळत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, पानांनी मुळांत केलेली ही गुंतवणूक आहे आणि पाणी हा तिचा परतावा आहे.

या गुंतवणुकीचे एक वैशिष्ट्य आपण विशेषत्वाने ध्यानात घ्यावे. झाडांच्या मुळांत ऊतककर नावाचा थर असतो व तो वर्षानुवर्षे नवे प्रकाष्ठ निर्माण करून मूळ जाड करतो. तृणधान्यांच्या मुळांत हा थर नसतो. जलवाहिनी एकदा पक्व झाली, की तिचा व्यास कायम राहतो. पिकाला वहनक्षमता वाढवायची असेल, तर नवी मुळेच फोडावी लागतात. स्थिर भांडवलाचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत केलेली ही योजना पुढे पाऊस आला नाही म्हणून बदलता येत नाही.

त्रिज्येचा चतुर्थ घात

नळीचा व्यास इतका महत्त्वाचा का ठरतो? फ्रेंच वैद्य आणि शरीरशास्त्रज्ञ प्वाझय यांनी १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम सांगितला. दाबातील फरक तोच असेल, तर नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट झाली, की प्रवाह सोळापट होतो. उलट, व्यास ६५ मायक्रोमीटरवरून ५५ मायक्रोमीटर झाला, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी घटला, तर वहनक्षमता जवळजवळ निम्मी होते. (५५ भागिले ६५ या संख्येचा चतुर्थ घात काढून पाहावा, उत्तर ०.५१ येते.)

सामान्य समज असा, की नळी जितकी रुंद तितके पीक जोमदार. पाणी भरपूर असेल तेथे हे खरे आहे. परंतु पावसाळा संपल्यावर जमिनीत साठलेल्या ओलीवरच ज्या पिकाला संपूर्ण हंगाम काढावा लागतो, त्याच्यासाठी रुंद नळी ही उधळ्या हाताची खूण ठरू शकते. पीक कोवळे असताना भराभर पाणी उपसते, भरपूर पाने काढते आणि दाणे भरण्याच्या वेळी जमीन कोरडी पडते. निश्चित रकमेवर वर्ष काढायचे असताना पहिल्या चार महिन्यांत ती संपवून टाकणाऱ्या कुटुंबासारखी त्या पिकाची स्थिती होते.

ऑस्ट्रेलियातील प्रयोग

हा विचार प्रयोगाच्या पातळीवर नेण्याचे श्रेय ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ जॉन पासिउरा यांना जाते. साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या गव्हाच्या मुळांची वहनक्षमता कमी असेल, तर फुलोऱ्यानंतरसाठी अधिक पाणी शिल्लक राहून उत्पादन वाढू शकते, असे त्यांनी १९७२ मध्ये दाखविले. १९७७ मध्ये त्यांनी कोरडवाहू पिकाच्या उत्पादनाची तीन घटकांत फोड केली. पिकाने बाष्परूपाने वापरलेले पाणी, त्या पाण्याच्या प्रत्येक एककामागे तयार झालेला एकूण जैवभार आणि त्या जैवभारातील धान्याचा वाटा, म्हणजे कापणी निर्देशांक, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे धान्योत्पादन. पाणी तेवढेच असतानाही ते उशिरा वापरले गेल्यास तिसरा घटक सुधारतो, हा या सूत्राचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

पुढे रिचर्ड रिचर्ड्स आणि पासिउरा यांनी गव्हाच्या बीजमुळातील मध्यवर्ती जलवाहिनीचा व्यास सुमारे ६५ मायक्रोमीटरवरून ५५ मायक्रोमीटरपेक्षा कमी करण्याचा पैदास कार्यक्रम हाती घेतला. त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत कोरड्या परिस्थितीत अरुंद वाहिनीच्या वाणांनी, त्यांच्या आनुवंशिक पार्श्वभूमीनुसार, ३ ते ११ टक्के अधिक उत्पादन दिले. पाऊस चांगला असलेल्या ठिकाणी त्यांचे उत्पादन घटले नाही.

चांगल्या पावसात तोटा का झाला नाही, याचे उत्तर मुळांच्या दोन प्रकारांत आहे. जमिनीचा वरचा थर ओला असेल, तर पेरमुळे भरपूर फुटतात आणि बीजमुळांची अरुंद वाट अडसर ठरत नाही. वरचा थर कोरडा असेल, तर पेरमुळे फुटत नाहीत, पीक बीजमुळांवर अवलंबून राहते आणि नेमक्या त्याच वेळी काटकसर लागू होते. विम्याचा विचार करता, सुकाळात हप्ता न मागणारे आणि दुष्काळात भरपाई देणारे हे संरक्षण आहे. अशी रचना आर्थिक संस्थांत क्वचितच साधते.

शेवटच्या मिलिमीटरचे मूल्य

सीमांत उत्पादकतेची संकल्पना आपण खतांच्या किंवा श्रमाच्या उदाहरणाने शिकतो. पाण्याच्या बाबतीत तिला काळाचे परिमाण जोडावे लागते. १९८४ मध्ये फ्रेंच आणि शुल्ट्झ यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या अभ्यासावरून असा ठोकताळा दिला, की संपूर्ण हंगामाचा विचार करता पिकाने वापरलेल्या प्रत्येक मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी सुमारे २० किलो धान्य ही साध्य मर्यादा आहे. २००७ मध्ये जॉन कर्कगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीच्या १.३५ ते १.८५ मीटर खोलीवरील ओलीचा अभ्यास केला. फुलोऱ्यानंतर गव्हाने या थरातून वापरलेल्या १०.५ मिलिमीटर जादा पाण्याने उत्पादन हेक्टरी ०.६२ टनाने, म्हणजे ६ क्विंटलहून अधिक वाढले. मिलिमीटरमागे हे प्रमाण ५९ किलो पडते, म्हणजे हंगामी मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

१०.५ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी सुमारे १ लाख ५ हजार लिटर पाणी. ते जमिनीत होतेच. ते योग्य वेळी मुळाच्या आवाक्यात होते, एवढाच फरक.

यावरून दोन भिन्न मार्ग दिसतात. एक मार्ग खर्चावर नियंत्रण ठेवण्याचा, म्हणजे अरुंद वाहिन्यांचा. दुसरा उत्पन्नाची नवी साधने शोधण्याचा, म्हणजे खोल मुळांचा. दुसऱ्या मार्गावरील ठळक यश भातात मिळाले. २०१३ मध्ये जपानमधील युसाकू उगा आणि सहकाऱ्यांनी ‘डीआरओ-१’ या जनुकाचा शोध जाहीर केला. फिलिपाईन्समधील उंचवट्यावरील एका पारंपरिक वाणातील हे जनुकरूप उथळ मुळांच्या आयआर-६४ या प्रसिद्ध वाणात आणल्यावर मुळे अधिक सरळ खाली गेली आणि अवर्षणात उत्पादन टिकले. मक्याबाबत अमेरिकेतील जोनाथन लिंच यांनी त्याच वर्षी असे प्रतिपादन केले, की मूळ नुसते खोल असून भागत नाही. ते स्वस्तही असावे लागते. मध्यत्वचेत पोकळ्या असलेल्या मुळाला श्वसनासाठी कमी साखर लागते आणि वाचलेल्या साखरेवर ते आणखी खोल जाते. येथे अन्नवाहिनी आणि जलवाहिनी यांचा हिशेब पुन्हा एकत्र येतो.

भारतीय संदर्भ

आपल्या देशातील निव्वळ पेरणी क्षेत्रापैकी सुमारे निम्मे क्षेत्र आजही पावसावर अवलंबून आहे. परंतु ‘कोरडवाहू’ या एकाच शब्दाखाली निरनिराळी परिस्थिती झाकली जाते.

दख्खनच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारी हे साठलेल्या ओलीवरील शेतीचे ठळक उदाहरण आहे. सोलापूर, अहिल्यानगर, विजयपुरा, कलबुर्गी या पट्ट्यात परतीच्या पावसानंतर पेरलेली ज्वारी पुढे बहुतांशी जमिनीतील ओलीवरच वाढते. तेथील मालदांडी ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण अनेक दशके शेतकऱ्यांनी जपला आहे. ज्वारीला एकच बीजमूळ असते आणि वरचा थर वाळला, की पेरमुळांची वाढ खुंटते. म्हणून अशा पिकात वाहिन्यांची घडण आणि मुळांची खोली यांना विशेष महत्त्व आहे. माळवा आणि बुंदेलखंडातील कोरडवाहू गव्हाची परिस्थितीही याच प्रकारात मोडते.

झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशा येथील उंचवट्यावरील भाताची स्थिती वेगळी आहे. तेथे पाऊस हंगामातच पडतो. मात्र त्यात खंड पडतो. पाऊस पुन्हा येणार असेल, तर पाणी राखून ठेवणाऱ्या पिकापेक्षा मिळेल ते पाणी चटकन घेणारे आणि खोल मुळाचे पीक सरस ठरू शकते. पंजाब व हरियाणातील कालव्याच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यावरील गव्हाचा प्रश्न तर पूर्णतः निराळा आहे. तेथे अरुंद वाहिनीचा लाभ अपेक्षित नाही. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणून आपण हरितक्रांतीचा पाया घातला. त्या बुटक्या वाणांचे सामर्थ्य खत आणि पाणी यांच्या पुरेशा पुरवठ्यात होते. कोरडवाहू शेतीला त्या यशाचा वाटा तुलनेने कमी मिळाला, यामागे हेही एक कारण आहे.

म्हणूनच दुष्काळ सहन करणारा वाण ही संज्ञा वापरताना कोणता दुष्काळ, हे विचारणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियातील आकडे मालदांडीला किंवा माळव्यातील गव्हाला परस्पर लावणे अशास्त्रीय ठरेल. तत्त्व घ्यावे, आकडे आपल्या शेतात तपासावेत.

धोरणात्मक विचार

या विवेचनातून धोरणाच्या दृष्टीने चार मुद्दे निघतात.

पहिला मुद्दा चाचण्यांचा. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत सिंचित, मर्यादित सिंचनाच्या आणि कोरडवाहू चाचण्या स्वतंत्रपणे घेतल्या जातात, ही व्यवस्था योग्यच आहे. तिच्यापुढे जाऊन अवर्षणाच्या प्रकारानुसार चाचण्यांची विभागणी करावयास हवी. काटकसरी वाणाचा लाभ कोरड्या वर्षांत दिसतो. अनेक वर्षांच्या आणि अनेक ठिकाणांच्या सरासरीत तो लोप पावतो. ज्या शेतकऱ्याला कर्जबाजारी होण्यापासून वाचायचे आहे, त्याच्यासाठी वाईट वर्षातील ३ ते ११ टक्के हे सरासरीतील तेवढ्याच वाढीपेक्षा अधिक मोलाचे असतात.

दुसरा मुद्दा सार्वजनिक गुंतवणुकीचा. गहू व भात ही स्वपरागसिंचित पिके आहेत. शेतकरी घरचे बियाणे पुन्हा वापरू शकतो आणि वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा त्याचा हक्क मान्य करतो. हा हक्क आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे खासगी कंपनीला अशा वाणांत गुंतवणूक करण्याचे आकर्षण मर्यादित राहते. त्यात मुळाचे गुण बाजारात दिसत नाहीत; दाण्याचा आकार दिसतो, जलवाहिनीचा व्यास दिसत नाही. बाजार ज्याचे मूल्य ओळखत नाही, ते संशोधन शासनाने करावे, हा सार्वजनिक वस्तूंच्या सिद्धांताचा सरळ निष्कर्ष आहे. नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत २०१७ मध्ये सुरू झालेले नानाजी देशमुख वनस्पती फिनॉमिक्स केंद्र हे या दिशेचे स्वागतार्ह पाऊल आहे.

तिसरा मुद्दा जनुकीय संपदेचा आणि नव्या तंत्राचा. राष्ट्रीय जनुकपेढीत ४ लाखांहून अधिक वाणनमुने जतन केलेले आहेत. त्यांची मुळांच्या अंतर्रचनेच्या दृष्टीने पद्धतशीर पाहणी होणे आवश्यक आहे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने परकीय जनुक नसलेल्या ठरावीक प्रकारच्या जनुकसंपादित वनस्पतींना जैवसुरक्षा नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राइस १’ हे दोन जनुकसंपादित भातवाण जाहीर झाले. दुसऱ्या वाणात संपादित केलेल्या जनुकाचा संबंध पानावरील पर्णरंध्रांशी आहे. म्हणजे पाण्याच्या वाटेच्या वरच्या टोकाला तेथे बदल झाला आहे. खालच्या टोकाला, मुळातील वाहिन्यांच्या घडणीत, असा बदल साधता येईल का, हा पुढील संशोधनाचा विषय आहे.

चौथा मुद्दा मशागतीचा. वाहिनी कितीही काटकसरी असली, तरी जमिनीत ओलच नसेल तर ती काय वाचविणार? बंदिस्त वाफे, उताराला आडवी पेरणी, आच्छादन आणि भेगा बुजविणारी वेळेवरची कोळपणी या मूलस्थानी जलसंधारणाच्या उपायांना पर्याय नाही. किंबहुना त्या उपायांनी वाचलेले पाणी दाणे भरेपर्यंत टिकले, तरच त्यावरील खर्च वसूल होतो. बियाणे आणि जलसंधारण यांचे कार्यक्रम वेगवेगळ्या विभागांकडे असले, तरी त्यांचे मूल्यमापन एकत्र व्हावयास हवे.

समारोप

मित्रहो, २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेचे ‘प्रति थेंब अधिक पीक’ हे घोषवाक्य आपणा सर्वांना पाठ आहे. त्यावर प्रश्न आला, तर ठिबक आणि तुषार सिंचनाविषयी आपण अवश्य लिहावे. परंतु त्याबरोबर हेही लिहावे, की थेंबाचे मूल्य तो कोणत्या दिवशी वापरला गेला यावर अवलंबून असते. पेरणीनंतर पंधराव्या दिवशीचा थेंब आणि दाणे भरतानाचा थेंब मोजमापाने सारखे असले, तरी उत्पादनाच्या हिशेबात सारखे नसतात. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेसारखे संरक्षण नुकसानीनंतर आधार देते आणि त्याची गरज आहेच. मुळातील योग्य रचना मात्र नुकसानच कमी करते. या दोन्ही प्रकारच्या संरक्षणांचा विचार धोरणाने एकत्रितपणे केला पाहिजे.

आपल्यापैकी काही जण उद्या जिल्ह्याच्या प्रशासनात काम कराल. टंचाईच्या आढावा बैठकीत आपल्यासमोर पर्जन्यमानाचे आणि पेरणीच्या क्षेत्राचे आकडे येतील. त्या वेळी आणखी दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. जमिनीत किती खोलीपर्यंत ओल आहे आणि पीक फुलोऱ्यापासून किती दिवस दूर आहे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून येऊ घातलेल्या संकटाचा अंदाज पावसाच्या सरासरीपेक्षा लवकर येतो आणि संरक्षित पाण्याची एखादी पाळी कोणत्या गावांना प्रथम द्यावी, हे ठरविता येते.